दुचाकी वळते कशी?

नित्याच्या सवयीची एखादी गोष्ट आपण नेमकी कशी करतो, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांची तारांबळ उडते. जिना उतरताना पहिले पाऊल कोणते पडते, लिहिताना कोणते बोट लेखणीला आधार देते, असे कोणी विचारले तर आपण क्षणभर थांबतो आणि मग बहुधा चुकीचे उत्तर देतो. हाताला व पायाला जे ठाऊक असते, ते मनाला ठाऊक असतेच असे नाही. एरवी त्यावाचून काही अडत नाही. परंतु एक प्रश्न असा आहे की, त्याचे चुकीचे उत्तर मनात घेऊन हिंडणाऱ्या माणसाचे एखाद्या प्रसंगी प्राणावर बेतू शकते. तो प्रश्न अगदी साधा आहे: चालती दुचाकी उजवीकडे वळते ती कशाने?

आपल्या वर्गातील कोणाही मुलाला हा प्रश्न विचारून पाहा. तो तत्काळ सांगेल, "हँडल उजवीकडे फिरविले म्हणजे ती उजवीकडे वळते." वीस वर्षे मोटारसायकल चालविणारे त्याचे वडीलही बहुधा हेच सांगतील. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही; पण ते अर्धेच खरे आहे, आणि जो अर्धा भाग त्यात राहून गेला आहे तोच अधिक महत्त्वाचा आहे. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे वळवावयाची असेल, तर तिचे पुढचे चाक प्रथम किंचित डावीकडे फिरवावे लागते. वाचणाऱ्यास हे विपरीत वाटेल. परंतु सायकल चालविणारे प्रत्येक मूल नकळत हेच करीत असते. इंग्रजीत या क्रियेस 'काउंटरस्टीअरिंग' असे नाव आहे. आपण तीस 'उलट हँडल' म्हणू.

हा प्रश्न पूर्वी एका फार मोठ्या माणसाने पुष्कळांना विचारला होता. अमेरिकेतील ओहायो संस्थानात डेटन नावाचे शहर आहे. तेथे १८९२ साली विल्बर व ऑर्व्हिल राइट या दोघा बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी याच बंधूंनी आपल्या विमानाचे पहिले उड्डाण केले, हे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतोच. विल्बरला अशी सवय होती की, सायकल चालविणारे लोक भेटले म्हणजे तो त्यांना विचारी, "तुम्ही डावीकडे कसे वळता?" त्याचा अनुभव असा की, पहिल्या प्रश्नाला पूर्णपणे बरोबर उत्तर कोणीही दिले नाही. जो तो म्हणे की, मी हँडल डावीकडे फिरवितो. खोदखोदून विचारल्यावर काहींच्या लक्षात येई की, आपण आधी ते थोडे उजवीकडे नेतो, त्यायोगे सायकल डावीकडे कलते, आणि मग त्या कलाच्या बाजूस हँडल वळते. ज्या काळी विमानाचे स्वप्न पाहणारे बहुतेक लोक ते जहाजाप्रमाणे सपाट राहून वळेल असे धरून चालले होते, त्या काळी राइट बंधूंनी ते कलवून वळविण्याची युक्ती योजिली. सायकलीच्या दुकानात बसून केलेले निरीक्षण त्यांच्या कामी आले, असे म्हणावयास हरकत नाही.

शास्त्रज्ञांना तर ही गोष्ट त्याही आधी माहीत होती. १८१७ साली जर्मनीत मॅनहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने पायांनी ढकलत चालविण्याची दोन चाकांची लाकडी गाडी बनविली; तीच आजच्या सायकलीची आजी. पुढे १८६९ साली ग्लासगोच्या विद्यापीठातील प्राध्यापक रँकिन यांनी या वाहनाच्या गतीचे नियम सांगणारी लेखमाला लिहिली, आणि तीत उलट हँडलाचे वर्णन केले. म्हणजे विद्वानांना ही गोष्ट कळून दीडशेहून अधिक वर्षे झाली. पण गाडीवर बसणाऱ्या माणसापर्यंत ती अद्यापि पुरती पोहोचलेली नाही.

आता हे असे का होते, ते क्रमाने पाहू.

प्रथम, वळताना कलावे लागते ते का? खो-खोच्या मैदानावर खांबाला वळसा घालणारा खेळाडू आठवा. तो जितक्या वेगाने वळेल, तितका त्याचा देह खांबाच्या बाजूस झुकतो. न झुकता तो वळू गेला, तर त्याचे पाय वळतील, पण देह जडत्वामुळे सरळच जाऊ पाहील आणि तो बाहेरच्या अंगास कोलमडेल. दुचाकीचेही असेच आहे. बैलगाडीला किंवा मोटारीला दोन्ही बाजूंस चाके असल्यामुळे ती उभ्या उभ्या वळू शकते. दुचाकीला बाजूचा आधार नाही. तिने वळणाच्या आतल्या अंगास कलून आपला तोल सांभाळलाच पाहिजे. गॉटलिब डाइमलर याने १८८५ साली इंजिन बसवून जी पहिली दुचाकी केली, तिला दोन्ही बाजूंस दोन लहान आधारचाके लावलेली होती. पुढे ही आधारचाके गेली आणि मोटारसायकल मोकळेपणाने कलू लागली.

किती कलावे लागते, याचा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सहज करता येईल. वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वीय प्रवेग यांच्या गुणाकाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे कलण्याच्या कोनाची स्पर्शज्या होय. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेग असेल तर गाडीने सुमारे १२ अंश कलले पाहिजे. ताशी ५४ किलोमीटर असेल तर सुमारे २५ अंश. आणि ताशी ७२ किलोमीटर असेल तर सुमारे ३९ अंश. वेग दुप्पट झाला, पण कोनाची स्पर्शज्या चौपट झाली, हे ध्यानात ठेवावे. ३९ अंश म्हणजे सामान्य गाडी आणि सामान्य टायर यांच्या सीमेजवळचा कल होय. रस्ता ओला असेल, किंवा त्यावर वाळू सांडलेली असेल, तर ही सीमा पुष्कळच अलीकडे येते.

कल हवा हे ठरले. पण तो आणावयाचा कसा? बाजूला भिंत असती तर तिला हाताने रेटून आपण कललो असतो. रस्त्यावर तशी भिंत नसते. गाडीचा जमिनीशी संबंध फक्त दोन ठिकाणी येतो. दोन चाके जेथे टेकतात तेथे. तेव्हा वरचा भार एका बाजूला झुकवावयाचा असेल, तर खालचा आधार दुसऱ्या बाजूला सरकविण्यावाचून गत्यंतर नाही.

हे समजण्यास एक सोपा प्रयोग करावा. चार फूट लांबीची काठी तळहातावर उभी तोलून धरा. आता ती काठी न पाडता तुम्हांस उजवीकडे चालावयाचे आहे. हात एकदम उजवीकडे नेला तर काठी डावीकडे पडेल. म्हणून तुम्ही काय करता? हात प्रथम किंचित डावीकडे नेता. त्यामुळे काठीचा शेंडा उजवीकडे झुकतो. आणि मग त्या झुकलेल्या काठीच्या मागोमाग हात उजवीकडे चालू लागतो. दुचाकीचे चाक म्हणजे तो हात, आणि गाडी व तिच्यावरील स्वार म्हणजे ती काठी. चाक क्षणभर डावीकडे सरकते, वरचा भार जडत्वाने सरळच जात राहतो, म्हणून गाडी उजवीकडे कलते. आणि ती कलू लागताच पुढचे चाक त्या बाजूस फिरून गाडी उजव्या वळणास लागते. हे सारे अर्ध्या-पाऊण सेकंदात घडते, आणि रस्त्याच्या वेगाला हँडलाचे ते उलट फिरणे इतके थोडे असते की, डोळ्यांना ते दिसतही नाही. म्हणूनच हे गुपित इतकी वर्षे गुपित राहिले.

दुसरा प्रयोग सायकलीवर करावा. तो मोकळ्या मैदानावर, डोक्यावर हेल्मेट घालून, आणि घरातील कोणी मोठे माणूस जवळ उभे असतानाच करावा. मध्यम वेगाने सरळ जात असता दोन्ही मुठी सैल ठेवा. आता उजव्या तळहाताने उजवी मूठ पुढच्या दिशेने अगदी हलकेच दाबा. खाली नव्हे, पुढे. मूठ पुढे गेली म्हणजे चाक डावीकडे फिरणार, मग सायकलही डावीकडे जाणार, अशी तुमची अपेक्षा असेल. ती प्रत्यक्षात उजवीकडे कलून उजवीकडे वळेल. डाव्या मुठीवर तोच दाब द्या, ती डावीकडे वळेल. म्हणून लक्षात ठेवण्याचे सूत्र एवढेच: ज्या बाजूस वळावयाचे, त्या बाजूची मूठ पुढे दाबावी. दाब काढला म्हणजे, किंवा दुसऱ्या मुठीवर थोडा दाब दिला म्हणजे, गाडी पुन्हा उभी होते.

ज्यांना याहूनही खात्री हवी असेल, त्यांनी सायकल डबक्यातून नेऊन कोरड्या फरशीवर चटकन वळवावी व मागे येऊन चाकांच्या ओल्या खुणा पाहाव्यात. पुढच्या चाकाची रेघ वळणापूर्वी किंचित उलट बाजूस गेलेली आढळेल.

येथे दोन शंका उपस्थित होतात. पहिली अशी की, फिरणारे चाक भोवऱ्यासारखे असते, आणि भोवऱ्याच्या गुणामुळेच दुचाकी उभी राहते व कलते, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते खरे काय? फिरत्या चाकाचा आस एका बाजूस वळविला तर चाक कलू पाहते, हे खरे. त्यामुळे उलट हँडलाला थोडी मदतही होते. पण तेच मुख्य कारण नव्हे. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सायकलीच्या पुढच्या चाकाशेजारी उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला. तरीही ती सायकल तो सहज चालवू शकला. २०११ साली हॉलंडमधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी तर भोवऱ्याचा परिणाम नसलेली, लहान चाकांची अशी एक सायकल दाखविली की, ती स्वाराविनाही काही अंतर तोल सांभाळून जाई. ज्या दिशेस पडू लागावे त्या दिशेस चाक वळावे, या गुणावरच दुचाकीचा तोल मुख्यतः उभा आहे. आणि हा गुण अनेक कारणांनी मिळून येतो.

दुसरी शंका अशी की, "आम्ही तर नुसते अंग झुकवून वळतो, हँडलाला हातही लावीत नाही." हलक्या सायकलीवर, हात सोडूनही, हे काही अंशी साधते, कारण अंग एका बाजूस नेले की सायकल दुसऱ्या बाजूस ढकलली जाते व चाक आपोआप थोडे फिरते. पण दीडशे किलो वजनाच्या मोटारसायकलीवर अंगाच्या झुकण्याने फारच थोडे काम होते. कीथ कोड नावाचे एक प्रसिद्ध अमेरिकन शिक्षक आहेत; त्यांनी १९८० साली कॅलिफोर्नियात मोटारसायकल शिकविणारी शाळा काढली. ही शंका फिटावी म्हणून त्यांनी एका गाडीला दोन हँडले बसविली: एक नेहमीचे, आणि दुसरे गाडीच्या सांगाड्यालाच घट्ट जखडलेले, न फिरणारे. स्वार न फिरणारे हँडल धरून बसला म्हणजे त्याला फक्त अंग झुकवून गाडी वळवावी लागे. अशा स्थितीत गाडी थोडीशी एका बाजूस ढळे. पण हवी तेव्हा, हवी तितकी मुळीच वळत नसे. अंग झुकविणे वळणाला साह्य करते. वळण घडविते ते हँडल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर नवशिक्याचा गोंधळ होईल. माणूस चालतो तितक्या मंद वेगाने गाडी नेत असता, म्हणजे फाटकातून काढताना किंवा गर्दीतून वळविताना, हँडल सरळ वळणाच्या बाजूसच पुष्कळसे फिरवावे लागते. तेथे तोल घडोघडी सांभाळला जात असल्यामुळे उलट हँडलाचा अंश लक्षातच येत नाही. वेग वाढत जातो तसतसे हे रूप पालटते, आणि हँडल फिरविण्याऐवजी मूठ दाबणे हीच खरी क्रिया उरते. ज्याने केवळ गल्लीत गाडी शिकली आणि मग एकदम महामार्ग गाठला, त्याच्या मनात गल्लीतला धडा पक्का बसलेला असतो. तो तेथे पुरा पडत नाही.

कोणी म्हणेल, "मुलाला हे सारे नकळत येतेच, तर मग शिकविण्याची आवश्यकता काय?" या प्रश्नाचे उत्तर हाच या लेखाचा खरा विषय आहे.

शांत वेळी हात आपले काम बिनचूक करतात. पण भीतीच्या क्षणी मन मध्ये पडते, आणि मनाजवळ जर चुकीचे ज्ञान असेल, तर ते हातांना चुकीचा हुकूम देते. घाटातील एका उजव्या वळणाची कल्पना करा. स्वार जरा जास्त वेगाने वळणात शिरला आहे. मध्यावर आल्यावर त्याला वाटते की, गाडी बाहेरच्या कठड्याकडे जात आहे. त्याची नजर कठड्यावर खिळते. दंड ताठ होतात. मन सांगते, "हँडल उजवीकडे फिरव!" तो उजवी मूठ जोराने आपल्याकडे ओढतो. या ओढण्याने काय होईल, ते आता तुम्हीच सांगू शकाल. गाडी अधिक कलण्याऐवजी उभी राहील, आणि उभी राहिलेली गाडी ज्या कठड्याला तो भ्याला त्याच कठड्याकडे सरळ जाईल. गाडी बिघडली नव्हती, आणि पुष्कळदा रस्त्यावरची पकडही शिल्लक होती. चुकीचे होते ते केवळ त्याच्या मनातील उत्तर. अशा वेळी उपाय एकच: नजर कठड्यावरून काढून वळणाच्या टोकाकडे न्यावी, दंड सैल ठेवावेत, आणि उजवी मूठ निश्चयाने पुढे दाबावी.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लॉस एंजल्स व आसपासच्या मोटारसायकल अपघातांचा अभ्यास करून १९८१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ९०० अपघातांच्या जागी स्वतः जाऊन त्यांनी तपास केला होता. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोकांनी कोणतेही रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ते आपले आपण, किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून गाडी शिकले होते. संकट दिसल्यापासून ते टाळण्याचे सर्व काही करण्यास सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, असे त्यांना आढळले. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक अति दाबून चाक घसरविले आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबला नाही; आणि उलट हँडल करून बाजूस निसटण्याचे कौशल्य तर त्यांच्यात जवळजवळ नव्हतेच. दुसऱ्या वाहनाशी टक्कर न होता झालेल्या अपघातांतही वेग जास्त असणे, किंवा वळणात पुरेसे न वळणे, ही ठळक कारणे दिसली.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. एवढ्या अंतरात 'मूठ ओढू की दाबू' असा विचार करण्यास सवड नसते. जे आधी समजून, घोटून, हाताच्या सवयीत उतरविलेले असेल, तेवढेच त्या वेळी उपयोगी पडते.

यावरून आत्मविश्वास म्हणजे काय, याचाही उलगडा होतो. आत्मविश्वास दोन प्रकारचा असतो. एक, आजवर पडलो नाही म्हणून आलेला. आणि दुसरा, गाडी कशी वळते हे समजून, सराव करून मिळविलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्याला सुरक्षित दिवसांनी पोसलेले असते. पहिल्याच कठीण दिवशी तो मालकाला सोडून जातो. दुसरा कठीण दिवसाकरिताच तयार केलेला असतो. आणि नवल असे की, दुसऱ्या प्रकारचा माणूस वळणापूर्वी वेग कमी करतो. कल किती लागेल, पकड किती आहे, याचा अंदाज त्याला असतो. म्हणून त्याला धाडस दाखविण्याची गरज पडत नाही. पहिल्या पावसात धूळ व तेल मिसळून रस्ता निसरडा झालेला असता तो हळू जातो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मूठ दाबण्याची विद्या कितीही उत्तम आली, तरी टायरची पकड संपल्यावर ती काही करू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

शिक्षणाचा क्रम कसा असावा, हेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेली मोटारसायकल सुरक्षा संस्था आपल्या विद्यार्थ्यांना वळणासाठी चार पायऱ्या शिकविते. आपल्या भाषेत त्या अशा मांडता येतील: हळू व्हा; पाहा; दाबा; वेग राखा. वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा. मग मान वळवून, जेथे जावयाचे आहे तेथे पाहावे. त्या बाजूची मूठ पुढे दाबावी. आणि वळण संपेपर्यंत वेग एकसारखा, किंवा किंचित वाढता ठेवावा. रस्त्यात अडथळा आला असता बाजूस निसटावयाचे असेल तर दोन दाब लागतात: ज्या बाजूस जावयाचे त्या मुठीवर एक, आणि लगेच गाडी सावरण्यास दुसऱ्या मुठीवर दुसरा. ब्रेक त्याच्या आधी किंवा नंतर दाबावा; दोन्ही कामे एकाच वेळी करू नयेत, कारण टायरची पकड दोघांना एकदम पुरत नाही. हा सराव परवाना मिळाल्यानंतर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागेत, बेताच्या वेगाने व हलक्या दाबाने करावयाचा असतो. भर रस्ता ही त्याची शाळा नव्हे.

आता पालकांस दोन शब्द. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मोटारसायकल चालविता येत नाही. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीपुरती ही मर्यादा १६ वर्षांची आहे, आणि रोज दिसणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरी त्या सवलतीत बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या अपराधाबद्दल पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या भयापेक्षा मोठे कारण आपण वर पाहिलेच आहे. क्लासला जाण्याच्या सोयीसाठी मुलाच्या हाती किल्ली देताना, दोन सेकंदांत उपयोगी पडेल अशी कोणती विद्या आपण त्याला दिली आहे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःस विचारावा.

तोपर्यंत घरातील सायकल ही उत्तम गुरू आहे. तिला परवाना लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि दुचाकीचे सारे नियम तिच्यातही तेच आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशी वडिलांनी व मुलाने मिळून मैदानावर वरचे प्रयोग करून पाहावेत. अनेक घरांत असे आढळेल की, वडील जी क्रिया इतकी वर्षे नकळत करीत आले, तिचे कारण त्यांना त्या दिवशी मुलाकडून कळले. त्यात संकोच मानण्यासारखे काही नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्याला एखादी गोष्ट येते, एवढ्यावर समाधान मानू नका. ती का येते, हे विचारीत जा. जे हातांना येते ते मनालाही कळले, म्हणजे भीतीच्या वेळी मन हातांना अडवीत नाही, उलट त्यांना धीर देते. उद्या तुम्ही सज्ञान होऊन मोटारसायकलीवर बसाल, तेव्हा घाटातील पहिल्या वळणापूर्वी वेग कमी करा, वळणाच्या टोकाकडे पाहा, आणि ज्या बाजूस वळावयाचे त्या बाजूची मूठ पुढे दाबा.